आंबा चिरणाऱ्याचा नियम

भाऊसाहेब टिपणीस नोकरीतून निवृत्त झाले होते, हुकूम सोडण्यातून नाही. सुट्टीत मुलगा-सुनेसह सगळे कोकणातल्या रिसॉर्टवर जाणार होते. दोन बेडरूमच्या बंगल्यांचे दोन नकाशे टेबलावर होते. एकात दोन्ही खोल्या सारख्या. दुसऱ्यात वर समुद्रासमोरची ऐसपैस खोली आणि खाली स्वयंपाकघराला चिकटलेली कोंदट खोली.

“हा वरच्या खोलीचाच घ्यायचा,” भाऊसाहेब म्हणाले. वर कोण झोपणार, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

त्यांच्या पत्नी कुमुदताई आंबा चिरत होत्या. वरचा वारा त्यांनाही हवा होता, पण मुलासुनेचे उतरलेले चेहरे त्यांना दिसले.

“घ्या की,” त्या म्हणाल्या. “पण आपल्याकडे आंबा चिरणारा शेवटी फोड उचलतो. नियम तुमचाच. नकाशा तुम्ही निवडलात, आता खोली मुलं निवडतील.”

भाऊसाहेब हसले. “मग तुलाही खालीच राहावं लागेल!”

“मी जन्मभर स्वयंपाकघराला चिकटूनच आहे. पहाटेची भांडी तुम्हालाच पहिल्यांदा ऐकू येतील.”

भाऊसाहेबांनी सारख्या खोल्यांचा नकाशा पुढे ओढला आणि हात पसरला.

“आण ती सुरी. उरलेला आंबा मी चिरतो.”