दोन पाण्यांतली साक्ष

एकदा एक शिष्य आपल्या आचार्यांच्या दारात गाडी उभी करून बराच वेळ आतच बसून राहिला. खरे तर शिष्य म्हणावे असे त्याचे वय राहिले नव्हते. महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून तो निवृत्त झाला होता, आणि आचार्य तर नव्वदीला टेकले होते. पण ज्याच्यापाशी आपण विचार करायला शिकलो, त्याच्या दारात माणूस शिष्यच असतो.

गाडीचे इंजिन धापा टाकत होते. मागून काळसर धूर येत होता आणि समोर बिघाडाचा केशरी दिवा पेटलेला होता. पेट्रोलचा कच्चा वास तर कित्येक दिवस येत होता; पण तो खरोखर येतो की आपल्यालाच येतो, हे त्याला ठरवता येत नव्हते. बायकोला विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हाला मागे गॅसचाही येत होता."

त्या दिवशी सकाळी घाटाखालच्या गावाहून फोन आला होता. बायकोची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि "आज येतेस का?" एवढेच तिने विचारले होते. बायकोने निमूट पिशवी भरली आणि शेजारच्या काकूंना दुपारच्या बसची वेळ विचारली. तिचे गुडघे दुखरे, आणि बस तर वाटेत बदलावी लागत असे.

"मला विचारलं नाहीस?" तो म्हणाला.

"तुम्ही गाडी काढायला नको म्हणणार. ऊन असलं तरी नको, पाऊस असला तरी नको. विचारून काय करायचं?"

ती रागावलेली नव्हती. तेच त्याला अधिक लागले.

म्हणून तो एक छोटे खोके घेऊन आचार्यांकडे आला होता. त्यात इंजिनाचे तापमान सांगणारा नवा सेन्सर होता. गाडीच्या बिघाडाविषयी मिळेल तेवढे वाचून त्याने तो मागवला होता. पण आपले निदान चुकले असेल, या भीतीने खोके कपाटात तसेच पडून राहिले होते.

आचार्य ओटीवरून उतरले. त्यांची स्वतःची जुनी गाडी ते अजूनही स्वतःच दुरुस्त करत. आता हात थरथरत, एवढेच.

"बंद कर आधी, आणि थंड होऊ दे," ते म्हणाले. "गरम असताना झाकण उघडशील तर तोंड भाजून घेशील."

इंजिन निवेपर्यंत शिष्याने पाच-सात वेळा घड्याळ पाहिले. मग आचार्यांनी बोट दाखवले आणि त्याने वायरचा जोड काढून पाना लावला. सेन्सर सैल होताच हिरवट पाणी ठिबकू लागले, तसा तो दचकला.

"गुरुजी, काही फुटलं का?"

"भोक पडलं की पाणी येणारच. चिंधीचा बोळा लाव."

बोळा लावून त्याने नवा सेन्सर हातात घेतला. पण आचार्यांनी तो काढून घेतला, जुन्यासह घरात नेला, आणि थोड्या वेळाने दोन भांडी घेऊन बाहेर आले. एकात माठातले पाणी होते, दुसऱ्यात वाफाळते. मागून सुनेचा आवाज आला, "बाबा, ते चहाचं पातेलं आहे हं."

"धुऊन देतो," आचार्य म्हणाले आणि दोन्ही सेन्सर त्यांनी माठाच्या पाण्यात सोडले.

बस दुपारची, इंजिन उघडे, आणि गुरुजी पाण्याशी खेळत बसले आहेत. वय झाले, असे शिष्याच्या मनात येऊन गेले, आणि लगेच त्याला त्या विचाराची लाज वाटली.

"गुरुजी, तो नवा आहे. बसवून टाकू या ना."

"नवा आहे म्हणून खरा आहे? वर्गात मुलांना हेच शिकवलंस?"

त्यांनी विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या दोन तारा सेन्सरला लावायला त्याच्या हाती दिल्या. गार पाण्यात दोन्ही सेन्सर मोठा आकडा दाखवत होते; गरम होताच तो उतरायला हवा. वाफाळत्या पाण्यात घातल्यावर नव्याचा आकडा झरझर उतरला. जुन्याचा मात्र तिथेच राहिला. पुन्हा गार पाण्यात, पुन्हा गरम पाण्यात. जुना आपल्या आकड्यावरून हलला नाही.

"पण मीटरच बिघडलेला असेल तर?" शिष्याने विचारले.

"बोटाचं टोक बुडव पातेल्यात."

त्याने बुडवले आणि झटकन मागे घेतले.

"काय झालं?"

"भाजलं."

"आता माठाच्या पाण्यात. कसं आहे?"

"गार."

"म्हणजे तुझं बोट नीट आहे. आता आणखी कोणाला बोलावू साक्षीला?"

शिष्य इतक्या वेळात पहिल्यांदाच हसला. आचार्यांनी जुना सेन्सर पुसून तळहातावर ठेवला.

"याला लबाड म्हणू नकोस," ते म्हणाले. "हा गार पाण्यात 'गार आहे' म्हणाला तेव्हा खरंच बोलला. पण उकाड्यातही तो तेच म्हणत राहिला. इंजिन बिचारं आज्ञाधारक. थंडी आहे समजून जास्तीचं पेट्रोल पीत राहिलं, आणि चांगलं धडधाकट असून गुदमरलं. बाबा रे, जो दोन्ही पाण्यांत एकच बोलतो, त्याचं बोलणं मोजमाप नसतं. ती नुसती सवय असते."

शिष्याला बायकोचे सकाळचे शब्द आठवले. ऊन असले तरी नको, पाऊस असला तरी नको.

तो म्हणाला, "मग भीती काढूनच टाकायची का, गुरुजी?"

आचार्यांनी इंजिनातल्या बोळ्याकडे बोट दाखवले. "रिकामं भोक घेऊन घाट उतरशील? तिथे काहीतरी लागतंच. फक्त ते पाणी बदललं की बदलणारं हवं. घे, बसव. माझे हात धड नाहीत."

शिष्याने नवा सेन्सर बसवला, सांडले तेवढे पाणी भरले आणि किल्ली फिरवली. इंजिन तापले तसे शांत चालू लागले. धूर नव्हता. केशरी दिवा मात्र पेटलेलाच होता.

"त्याला पटायला वेळ लागतो," आचार्य म्हणाले. "चालव जरा. आपोआप विझेल."

घरी बायको पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. "चल, मी सोडतो," तो म्हणाला. तिने दिव्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि गाडीत बसली.

भीती गेली नव्हती. सरळ मोकळ्या रस्त्यावरही 'थांबावे' असे ओठांवर आलेच. त्याने समोर नीट पाहिले. रस्ता स्वच्छ होता. तो बोलला नाही. पुलावर पुन्हा तसेच झाले. पुन्हा त्याने पाहिले, आणि घामेजल्या हातांनी चाक धरून पुढे गेला.

भाद्रपदातले दिवस होते. घाटाच्या मध्यावर धुके उतरले आणि पुढच्या ट्रकचा लाल दिवा दिसता दिसता नाहीसा झाला. रुंद जागा पाहून त्याने गाडी कडेला घेतली.

"इथे थांबू."

"तुमचं आपलं नेहमीचं..." बायको सवयीने म्हणाली, आणि काचेतून बाहेर पाहून थबकली. मग तिने पिशवीतून थर्मास काढला. धुके विरळ होईपर्यंत दोघे चहा पीत बसले.

गावी पोचले तेव्हा बहीण उशीला टेकून वाटच पाहत होती. "उशीर झाला गं," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"घाटात काही दिसत नव्हतं," बायको तिचा हात हातात घेत म्हणाली. "ह्यांनी थांबवलं, ते बरं झालं."

दारात चपला काढत असलेल्या शिष्याने ते ऐकले, आणि तो क्षणभर तसाच वाकून राहिला.