उरलेला पाला

बैल आपली शेती आपणच करायचे, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्या गोठ्यात एक रीत होती. जू उतरवलेल्या म्हाताऱ्यांनी कडबा आधी खायचा, आणि उरेल तो जुवाखालच्यांनी. हौशा बैलाने ही रीत जन्मभर पाळली होती. आता कुठे त्याची पाळी आली होती, आणि तो डोळे मिटून कडब्याचा मऊ मऊ पाला खात होता.

एके दिवशी गोठ्यासमोरच्या शेतात तरणा तांबू नांगर ओढता ओढता मटकन खाली बसला.

"हल्लीच्या पोरांत दमच नाही!" गव्हाणीवरचे म्हातारे फुरफुरले.

तांबू म्हणाला, "हौशाआजा, तुमच्या वेळी आधी जेवणारे किती होते?"

हौशाचा घास तोंडातच राहिला. "एकटा कैऱ्याआजा. दोन घास खायचा, बाकी सगळं आम्हालाच." त्याने गव्हाणीवरची लांबलचक रांग पाहिली आणि मग तांबूच्या बरगड्या.

"पण आपण इतकी वर्षं वाट पाहिली, त्याचं काय?" शेजारचा पवळ्या चिडला.

"पाहिली खरी. पण याची पाळी येईपर्यंत हा जगायला नको का?" असं म्हणून हौशाने तांबूला आपल्या शेजारी जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी पाण्याची हलकी गाडीही त्याने आपणहून ओढली. पवळ्या कुरकुरत का होईना, जोडीला गेला.

संध्याकाळी तांबूने आपल्यापुढचा पाला हळूच सरकवला. "घ्या आजा, मला पाला पचत नाही."

"लबाडा!" म्हणत हौशाने अर्धा परत ढकलला.