वाकचिंचेतली आक्काची वाट

माणदेशाच्या कडेला वाकचिंच नावाचे एक लहान गाव आहे. चैत्र सरला की या गावात दिवसा कुणी दार लावत नाही. चौकटीला वरपासून जमिनीपर्यंत चिंचोक्यांच्या माळांचा पडदा सोडलेला असतो. वारा आत येतो, उजेड आत येतो, माशी बाहेर राहते. माणूस आत शिरला की चिंचोके एकमेकांवर आपटून खळखळ वाजतात आणि स्वयंपाकघरातल्या बाईला बसल्या जागी कळते की कुणीतरी आले.

बिरोबाच्या देवळाला आलेले पाहुणे या पडद्यांचे कौतुक करतात आणि मग एखाद्याला त्यातली खोड दिसते. प्रत्येक पडद्यात उजव्या अंगाला एका माळेची जागा रिकामी असते. नव्याने बांधलेल्या सिमेंटच्या घरांना जाळीची दारे आहेत, पण त्या जाळीलाही उजव्या कोपऱ्यात कातरीने कापलेली फट आहे. पाहुणा शहाणा असला तर म्हणतोच, की एवढा खटाटोप करून माशी अडवायची आणि तिच्यासाठी वाटही ठेवायची, हे काय?

देवळाचे पुजारी शिदूबापू असल्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. आधी पाहुण्याचे गाव विचारतात, मग येण्याचे कारण, मग सोबत कोण आहे ते. समोरचा खरे बोलतो आहे असे वाटले तरच सांगायला लागतात. त्यांना हा स्वभाव कुठून आला, असे गावात विचारले तर लोक हसतात आणि म्हणतात, हैबतीच्या गावचेच ना ते.

हा हैबती कधी होऊन गेला ते कुणाला सांगता येत नाही. गावाभोवती तेव्हा आजच्यापेक्षा दाट चिंचा होत्या, एवढेच सांगतात. उन्हाळा आला की घरोघरी चिंच फोडायला बसायचे. टरफले, शिरा आणि चिंचोके बाजूला काढून गराचे गोळे बांधायचे. जमीन चिकट, हात चिकट, लुगड्याचे ओचे चिकट, आणि त्या सगळ्यावर माशा. जेवताना एका हाताने घास घ्यायचा आणि दुसऱ्याने माशा वारायच्या, अशी गत असे म्हणे.

हैबतीच्या मालकीच्या चिंचा सगळ्यांत जास्त आणि त्याच्या शंकाही सगळ्यांत जास्त. नाकावर माशी बसू देणार नाही असा तिरसट माणूस. कुणी रामराम घातला तर याला काय हवे असेल, आणि नाही घातला तर याच्या पोटात काय असेल, अशा विचारात तो दिवस काढी. चिंच फोडणाऱ्या बायका उठल्या की तो त्यांच्या ओच्याकडे बघे. त्याला मूलबाळ नव्हते. घरात तो आणि बायको सगुणा, दोघेच.

त्याला एक थोरली बहीण होती, म्हाळाक्का. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच हैबतीला अंगाखांद्यावर खेळवले होते. लग्नानंतर ती दर उन्हाळ्यात चिंच फोडायला माहेरी येई आणि जाताना चिंचेचा एक गोळा घेऊन जाई. एका वर्षी ती निघाली तेव्हा हैबतीला तिचे गाठोडे जड वाटले. त्याने भर पारावर, चार माणसांदेखत, ते तिला सोडायला लावले. आत तिची दोन लुगडी, चिंचेचा गोळा आणि खेळायला घेतलेले मूठभर चिंचोके निघाले. दुसरा कुणी असता तर मान खाली घातली असती. हैबतीला वाटले, हिने माल आधीच दुसऱ्या कुणाच्या हाती पुढे धाडला. तो तिला म्हणाला की पुन्हा माझी पायरी चढू नकोस. म्हाळाक्काने गाठोडे बांधले आणि ती गेली. तिचे नाव त्या घरात पुन्हा निघाले नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात सगुणाच्या पायाला नारू झाला. त्या काळी बारवेच्या पाण्यातून हा किडा पोटात जाई आणि पायात उतरे. घोट्याजवळ फोड येई आणि त्यातून दोऱ्यासारखा नारू डोके काढी. रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळत तो बाहेर काढायचा असतो. घाईने ओढला आणि तुटला की पाय नासतो. सगुणाला उंबऱ्यापलीकडे जाता येईना. पाणी शेजारीण आणून देई आणि हैबती त्या शेजारणीच्या रिकाम्या घागरीतही डोकावून बघे.

त्या दिवसांत त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुपारी तो जेवून आडवा झाला की मडक्यातले ताक कमी होई. टोपलीतली भाकरी उणी होई. सगुणाला विचारले तर म्हणे, मीच खाल्ली. पण सगुणा काही अंगाने भरत नव्हती. मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या पायाची चिंधी रोज बदललेली असे आणि तिची गाठ सगुणाची नसे. घरात दुपारी कुणीतरी येत होते, खात होते, आणि त्याच्या बायकोचा पाय हातात घेत होते.

बैरागी असेल, वैदू असेल, की आणखी कुणी? हैबतीच्या डोक्याला भुंगा लागला. तो झोपेचे सोंग घेऊन पडू लागला. पण उन्हाळ्याची दुपार, पोटात भाकरी आणि ताक. सोंग घेता घेता तो खरोखरच घोरू लागे आणि जागा होई तेव्हा मडके खाली गेलेले असे. आपल्या झोपेचाही त्याला राग येई. हिने ताकात काही घातले तर नसेल, असे वाटून एक दिवस तो ताक न पिता झोपला. तरी झोपलाच.

तेव्हा त्याला ही युक्ती सुचली. घरात चिंचोक्यांची रास पडलेली होती. त्याने ते भिजत घातले, दाभणाने भोके पाडली आणि सगुणाला माळा ओवायला बसवले. माशांनी जीव नकोसा केलाय, असे तो तिला म्हणाला. गावालाही त्याने तेच सांगितले. सगुणाने माळा ओवल्या. तिला खरे कारण कळले होते असे सांगतात, कारण ओवताना तिच्या बोटांना सुई पुन्हा पुन्हा टोचत होती.

पडदा लागला. मांजर गेले तरी वाजायचा. आणि गंमत म्हणजे माशा खरोखरच थांबल्या. त्यांना त्या हलत्या माळांतून आत शिरायचे धाडस होईना. गाव बघायला आले, हैबतीच्या डोक्याची तारीफ झाली, आणि आठवड्याच्या आत दारोदार चिंचोक्यांचे पडदे लोंबू लागले. हैबती मिशीत हसला. माशांचे त्याला काही पडलेले नव्हते.

एका दुपारी माळा खळखळल्या. तो ताडकन उठून बसला. उंबऱ्याशी सगुणा होती आणि तिचा हात पडद्याखाली होता.

"कोण हाय?" त्याने विचारले.

"मांजर हाय, अवं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी त्याने प्रत्येक माळेत आणखी चिंचोके ओवून त्या पार जमिनीला टेकवल्या, म्हणजे खालून हातही जाऊ नये. घराला दुसरे दार नव्हते. खिडकी नव्हती, उंचावर एक झरोका तेवढा होता आणि सगुणाला पायावर उभे राहवत नव्हते. शेजारणीच्या हाती काही द्यावे तर हैबतीचे डोळे तिच्या ओच्याला चिकटलेले. त्यानंतर पडदा दुपारी वाजला नाही. मडक्यातले ताक तसेच राहू लागले. चोर गेला, असे हैबतीने मनाशी म्हटले.

पण चोर गेला तरी त्याला झोप लागेना. सगुणाच्या पायाची चिंधी आता मळलेली असे आणि पाय सुजत चालला होता. ती भाकरी मोडून पुढ्यात ठेवी आणि दाराकडे बघत बसे. आणखी एक गोष्ट त्याला खटकली. घरात माशी नव्हती हे ठीक, पण ओट्यावरही नव्हती. अंगणात चिंचेची टरफले पडली होती, त्यांवरही पूर्वीसारखी झुंबड नव्हती. मग एवढ्या माशा गेल्या कुठे? दुसऱ्या कुणाला हा प्रश्न पडलाच नसता. हैबतीला माशांचाही संशय आला.

तो ओट्यावर बसून बघू लागला. टरफलांवरची एक माशी उठली आणि ओढ्याकडे गेली. मग दुसरी गेली. तिकडे बिरोबाच्या देवळाशिवाय काही नव्हते. माशा जातात तिथे खाणे असते, आणि माझ्या घरचे खाणे खाणारा तिथेच दडून बसला असणार, असा त्याने हिशेब केला. कोपऱ्यातली काठी घेतली आणि भर दुपारी, पाय भाजत असताना, तो देवळाकडे निघाला.

देवळाच्या पडवीत एक म्हातारी पडली होती. तिच्या ओठांवर, डोळ्यांच्या कडांना, हाताच्या बोटांवर माशा बसल्या होत्या आणि त्या वारण्याचे त्राण तिच्यात नव्हते. उशाला एक खापर होते, कोरडे. हैबतीने काठी उचलली होती, ती तशीच राहिली. ते तोंड त्याला ओळखायला वेळ लागला. तिने मात्र त्याला लगेच ओळखले.

"सगुणाच्या पायाची चिंधी बदलली का रं?" म्हाळाक्काने विचारले. "नारू वडू नगंस. तुटंल."

तो खाली बसला. नवरा गेल्यावर तिला सासरच्यांनी बाहेर काढले होते आणि शिमग्यापासून ती या देवळात राहत होती. गावाला हे ठाऊक होते, एकट्या हैबतीला नव्हते. त्याला सांगायचे कुणी? सांगेल त्याच्यावरच तो उलटणार. माणसे तिला भाकरी घेऊन आली, तर ती घेत नसे. भावाकडे जेवून आले, असे म्हणे. भाऊ असताना परक्याची भाकरी खाल्ली तर गाव भावाला नावे ठेवील, म्हणून. दुपारी एकदा भावाच्या घरी जाऊन जे मिळेल ते खायचे आणि भावजयीचा पाय बांधायचा, एवढाच तिचा आधार होता. पडदा लागल्यावर सगुणा खालून वाटी सरकवी. माळा जमिनीला टेकल्यावर मात्र ती दोनदा दारापर्यंत आली होती. आतून सगुणाने हाताने नको नको केले. आपण माळ सरकवली तर भाऊ उठेल आणि त्या पोरीचे हाल होतील, म्हणून ती माळांना हात न लावता परतली.

हे सगळे तिने त्याला सांगितले नाही. थोडे सगुणाने मागून सांगितले, थोडे गावाने. देवळात ती एवढेच म्हणाली:

"मी तुझ्याकडं जेवती म्हनून सांगितलंय समद्यांस्नी. तू येगळं काय बोलू नगंस."

हैबती रडला असे सांगतात. आपल्या मुंडाशाने तो तिच्या तोंडावरच्या माशा वारत राहिला आणि रडत राहिला. मग त्याने तिला पाठुंगळी घेतले, जशी तिने त्याला लहानपणी घेतली होती. गाव ओट्याओट्यावर उभे राहून बघत होते.

घराशी आल्यावर त्याने तिला पायरीवर उतरवले. पडद्यासमोर ती थबकली. त्याने माळा बाजूला सारल्या तशा त्या खळखळल्या आणि म्हाळाक्का अंग चोरून मागे सरली. त्याने पुन्हा धरल्या, ती पुन्हा मागे झाली. त्या आवाजाची धास्ती तिच्या अंगात भिनली होती. तेव्हा हैबतीने उजव्या अंगाची एक माळ मुठीत धरली आणि हिसडा मारून तोडली. चिंचोके अंगणभर उडाले. त्या फटीतून म्हाळाक्का, माळेला स्पर्शही न होता, आत गेली. सगुणा ताकाची वाटी हातात धरून जमिनीवर बसली होती.

शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "तिथनं माशी यील की, दादा."

"येऊ दे," हैबती म्हणाला.

म्हाळाक्का पुढे किती जगली याबद्दल गावात दोन मते आहेत. काही जण सांगतात, ती वाटी प्यायली आणि तिन्हीसांजेला गेली. शिदूबापूंचा यावर विश्वास नाही. ते म्हणतात, सगुणाचा पाय बरा झाला आणि ती पुढे अनवाणी देवळाला येत असे, हे सगळेच सांगतात. मग तो नारू शेवटपर्यंत काढला कुणी? हैबतीच्या हाताने तर तो तुटलाच असता. म्हणून म्हाळाक्का जगली, असे बापू ठामपणे सांगतात आणि पाहुण्याकडे रोखून बघतात.

याबद्दल मात्र दुमत नाही, की दुसऱ्या दिवशी हैबती हात जोडून दारोदार फिरला. ज्याच्या त्याच्यावर नजर ठेवून बसणारा तो माणूस, त्या दिवशी त्याने प्रत्येक घरी एकच मागणे मागितले. माझे बघून तुम्ही पडदा लावलात, तर माझेच बघून त्यातली एक माळ काढा. कुणी नाही म्हटले नाही.

आजही वाकचिंचेत पडदा ओवताना बायका एक माळ ओवून बाजूला ठेवतात आणि ती चौकटीला बांधत नाहीत. त्या फटीला आक्काची वाट म्हणतात. फटीच्या आत जमिनीवर ताकाची एक वाटी असते. माहेरी आलेली लेक किंवा बहीण तिथूनच आत येते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी घरात पावले वाजली तरी कोण आहे म्हणून कुणी विचारत नाही. माशाही तिथूनच येतात आणि वाटीच्या काठावर बसतात. बापूंच्या घरी बसलेल्या पाहुण्याने एखाद्या माशीवर हात उगारला, तर बापू तो हात धरून खाली ठेवतात.

"येऊ द्या," ते म्हणतात. "ती आली म्हंजी वाट उघडी हाय."