भिंतीमागची आळी

खूप जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण तिथल्या प्रधानासारखी माणसं अजून भेटतात, म्हणून सांगतो.

त्या राज्याच्या राजधानीत हमरस्त्याला लागून बुरुडांची आळी होती. आळीमागे ओढा आणि ओढ्याकाठी कळकांचं, म्हणजे बांबूंचं, मोठं बेट. त्या सावलीत बसून बुरूड सुपं आणि टोपल्या विणायचे. जाणारा-येणारा वाटसरू दोन घटका टेकायचा, पाणी मागून प्यायचा. आळी रोज झाडलेली असायची, कारण चार माणसांची नजर तिच्यावर असायची.

मग राजकन्येचं लग्न निघालं. परमुलखातले पाहुणे येणार, त्यांना झोपड्या दिसू नयेत, म्हणून प्रधानाने हमरस्त्याच्या कडेने उंच भिंत घातली. मांडवासाठी कळकांचं बेट मुळापासून तोडलं. लग्न झालं, पाहुणे गेले. भिंत राहिली आणि सावली गेली.

पुढे काय झालं, ते वेगळं सांगायला नको. भिंतीपलीकडे कुणाला काही दिसत नाही म्हटल्यावर अख्ख्या नगराने तिथे कचरा फेकायला सुरुवात केली. पेठेतली सडकी भाजी, वाड्यांतलं खरकटं, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली राखसुद्धा! ओढा तुंबला. कळक भिजवायला पाणी उरलं नाही. उन्हाने आणि घाणीने माणसं चिडचिडी झाली, शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ लागले.

त्या आळीत भागा नावाची म्हातारी बुरडीण राहायची. आयुष्यभर अंगण सारवून त्यावर रांगोळी घालणारी बाई. एका सकाळी तिने काड्या-कचऱ्याची पाटी उचलली आणि सरळ भिंतीशी नेऊन ओतली. ओतल्यावर तिला कळलं, आपण काय केलं. रिकामी पाटी हातात धरून ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

त्याच आठवड्यात दवंडी पिटली गेली. ‘बुरूड लोक जातीचे घाणेरडे आहेत. त्यांच्यामुळे नगरात रोगराई होते. अमावास्येच्या आत आळी रिकामी करून वेशीबाहेर चालते व्हा!’

ऐका! घाण टाकली नगराने, झाडं तोडली प्रधानाने आणि घाणेरडे कोण, तर बुरूड. भागाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेशीबाहेर उजाड माळ होता. ना पाणी, ना कळक. तिथे बुरुडाने विणायचं काय आणि खायचं काय?

तिने राजवाड्याच्या दारात ठाण मांडलं. “महाराजांनी एकदा डोळ्यांनी बघावं, मग हाकलावं,” एवढंच ती म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी राजा बाहेर आला. प्रधान सोबत होताच.

आळीत पालखी शिरेना, म्हणून दोघे पायी निघाले. प्रधानाने नाकाला उपरणं लावलं होतं आणि गालात विडा भरला होता. “बघा महाराज! हे यांच्या रक्तातच आहे. कितीही सांगा, कितीही दंड करा, काही फरक पडत नाही. माणूस घाणेरडा तो घाणेरडाच!” एवढं बोलून त्याने मान वळवली आणि भिंतीवर लालभडक पिचकारी मारली.

भागा पुढे झाली.

“प्रधानजी, दरबारात थुंकता का हो असं?”

“तोंड सांभाळ, म्हातारे! दरबारात कोण थुंकेल?”

“मग इथं का थुंकलात?”

“इथे?” प्रधान उसळून म्हणाला, “इथे पिकदाणी कुठे आहे? आणि एवढ्या घाणीत एका पिचकारीने असं काय बिघडणार आहे?”

“ऐकलंत ना, महाराज?” भागा राजाकडे वळली. “शंभर पावलं आळीत चालले, तर यांचं रक्त बदललं. भिंत झाल्यापासून आम्ही सात वर्षं काढली या घाणीत. मी स्वतः टाकला कचरा या भिंतीशी, खोटं कशाला बोलू? पण भिंत घालायच्या आधी माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. आम्हाला हाकलाल, तर उद्या इथं दुसऱ्या कुणाला ठेवाल, त्यांचंही हेच होईल!”

प्रधानाच्या ओठाच्या कडेला विड्याचा लाल ओघळ तसाच होता. त्याने तो घाईघाईने उपरण्याने पुसला. राजाची मान खाली गेली. राखेच्या ढिगात त्याला आपल्याच मुदपाकखान्यातलं फुटकं झाकण दिसलं होतं.

दवंडी मागे घेतली गेली. भिंत पाडायचं काम राजाने प्रधानावरच सोपवलं, आणि काम संपेपर्यंत त्याचा मुक्काम आळीतच ठेवला. उन्हात राहायची वेळ आली, तेव्हा प्रधानाने कळकांची रोपं किती तातडीने आणवली, ते बघण्यासारखं होतं! भिंतीच्या दगडांनी ओढ्याला पायऱ्या बांधल्या. नगराचा कचरा ज्याचा त्याने उचलायचा, असं ठरलं. कोपऱ्याकोपऱ्यावर भागाने विणलेल्या मोठ्या टोपल्या आल्या.

तीन पावसाळ्यांनी बेट पुन्हा दाट झालं. वाटसरू टेकू लागले. भांडणं कमी झाली. ‘घाण करू नका’ अशी दवंडी त्या आळीत कधी पिटावी लागली नाही.

एकदा प्रधान तिथून चालला होता. तोंडात विडा होताच. सवयीने त्याने मान वळवली, आणि समोर झाडलेलं अंगण, त्यावरची ओली रांगोळी आणि दारात सूप विणत बसलेली भागा दिसली. तो गाल फुगवून तसाच थांबला. भागाने मान वर न करता हातानेच कोपऱ्यातली टोपली दाखवली, आणि राज्याचा प्रधान मुकाट्याने तिकडे गेला.

म्हणून, माणसाला घाणेरडा ठरवण्याआधी, आपण त्याला कुठे राहायला लावलं आहे, ते बघावं.