सरूआत्याच्या हातातलं घड्याळ

बोरखिंडी नावाच्या गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? तर गावात त्याला कोणी "जरा इथं थांब, आलोच" असं म्हणायचं नाही. कारण गुणाजी थांबायचा. सांगणारा घरी जाऊन जेवायचा, आडवा व्हायचा, विसरून जायचा, आणि गुणाजी आपला तिथंच उभा.

पण माणूस मनाने लाख. आईबाप लहानपणीच गेलेले, सरूआत्याने त्याला वाढवलं. आत्याला मूलबाळ नाही आणि गुणाजीला आत्याशिवाय कोणी नाही. दोघं, एक रत्नी नावाची म्हैस, आणि दोन खोल्यांचं घर. बरं चाललं होतं.

मग झालं काय, आत्याच्या छातीत धडधड व्हायला लागली. घरी व्हायची, आणि तालुक्याला डॉक्टरकडे नेलं की नेमकी थांबायची. दवाखान्यातल्या पिंगळे मॅडमनी गुणाजीला बाहेर बसवलं आणि आत्याच्या छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. पट्टीवर सगळं ठीक. पुन्हा काढली, पुन्हा ठीक.

मॅडम म्हणाल्या, "असं नाही सापडायचं. आत्याबाई, हे घड्याळ घाला. कॉलेजची पोरं हौसेने घालतात ना, तसलंच आहे. मनगटावरून ठोके मोजतं आणि माझ्या फोनवर कळवतं. थोडे दिवस हातात राहू द्या. ठोके फारच पळायला लागले, तर मात्र इथं भरती व्हावं लागेल."

भरती म्हटल्याबरोबर आत्याचा चेहरा उतरला. तिचे यजमान एकदा असेच भरती झाले होते, ते परत घरी आले नाहीत. तेव्हापासून आत्या त्या शब्दालाही भ्यायची. एसटीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, "गुण्या, मला तिथं झोपवू नकोस रे. माझं जे व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे."

गुणाजी म्हणाला, "आत्या, मी आहे ना."

आता हेच तर भ्यायचं कारण होतं. 

मॅडमनी निघताना गुणाजीला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. "घड्याळ हातातून काढायचं नाही, आणि चार्जिंग संपू द्यायचं नाही." गुणाजीने टॉवेलच्या टोकाला गाठ मारली. काही ध्यानात ठेवायचं असलं की तो गाठ मारायचा. गाठ पक्की बसायची. सुटायची नाही, हाच तर सगळा घोळ.

दोनेक दिवसांनी घड्याळाचं चार्जिंग संपत आलं, आणि गावातली वीज गेलेली. वीज होती ती फक्त तुळशीरामच्या पिठाच्या गिरणीत, तिथं जनरेटर होता. गुणाजी विचारात पडला. चार्जिंग संपू द्यायचं नाही, म्हणजे घड्याळ गिरणीत न्यायला हवं. घड्याळ हातातून काढायचं नाही, म्हणजे हात न्यायला हवा. आणि हात एकटा कसा येणार?

त्याने आत्याला गिरणीत नेलं. पालथ्या डब्यावर बसवलं, बटणाच्या शेजारी. वायर घड्याळाला लावली आणि म्हणाला, "आता हलू नकोस." गिरणी सुरू झाली. भिंती हादरल्या, डबा हादरला, आत्या हादरली. वरून पीठ पडत होतं. थोड्या वेळाने आत्या कुठली आणि पोतं कुठलं, तुळशीरामलाही कळेना.

मॅडमच्या फोनवर ठोके पळायला लागले. त्यांनी तातडीने गुणाजीला फोन लावला.

"आत्याबाई कुठे आहेत?"

"चार्जिंगला लावल्यात."

मॅडमना दोनदा विचारावं लागलं, तेव्हा कुठे सगळा प्रकार कळला. त्या म्हणाल्या, "अहो गुणाजी, चार्जिंगपुरतं काढलं तर चालतं. घड्याळ न्यायचं, आत्याबाईंना घरी ठेवायचं. त्यांना उगाच कशाला दगदग?"

बरोबर होतं ते. गुणाजीने दुसरी गाठ मारली. घड्याळ न्यायचं, आत्याला घरी ठेवायचं.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला, सोमवारी तपासायला या. सोमवारी गुणाजी दवाखान्यात हजर. एकटाच. खिशातून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. एसटीत त्याने घड्याळाचं अर्धं तिकीटही मागितलं होतं. कंडक्टर भला होता, तो हसून पुढं गेला.

"आत्याबाई कुठायत?"

"घरी. उगाच कशाला दगदग?"

"मग मी तपासू कोणाला?"

गुणाजीने घड्याळ थोडं पुढं सरकवलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण बाई गोड स्वभावाच्या. त्या म्हणाल्या, "राहू दे. आता येऊच नका. तुमच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करा, मी इथूनच बघेन. आत्याबाईंना जिथं दुखतं तिथं फोन धरा, म्हणजे मला दिसेल. जमेल?"

"जमेल," गुणाजी म्हणाला आणि तिसरी गाठ मारली. दुखतं तिथं फोन धरायचा.

आणि जमलं की. आत्याचा गुडघा सुजला होता. गुणाजीने फोन गुडघ्यासमोर धरला, मॅडमना सूज दिसली, त्यांनी मलम सांगितलं, सूज उतरायला लागली. गुणाजी दोन दिवस गावभर ताठ मानेने हिंडला. तुळशीरामला म्हणाला, "आमचा दवाखाना खिशात असतो आता."

मग एका सकाळी मॅडमचा फोन आला. "आत्याबाईंना द्या जरा. जेवण जातंय का, झोप लागते का, ते विचारायचंय."

गुणाजीने फोन गुडघ्याला लावला.

"आत्या, बोल. मॅडम गुडघ्यापाशी आहेत."

"मेल्या, मी गुडघ्यातून बोलू का?"

"तू वाक की."

आत्या बिचारी वाकली. जितकं वाकवेल तितकं वाकली. तिकडे मॅडम विचारत होत्या, "आत्याबाई, जेवण जातं का?" आणि समोर नुसता गुडघा. गुडघा काही बोलेना. वरून कुठून तरी लांबून आवाज यायचा, "भाकरी जाते हो, पण कंबर जाईल आता."

मॅडम म्हणाल्या, "गुणाजी, वर घ्या फोन. आवाज येतो तिकडे धरायचा. आवाज आला की त्या तोंडासमोर फोन. कळलं?"

चौथी गाठ बसली. आवाज आला की त्या तोंडासमोर फोन.

आता गिरणीतलं ते पीठ आत्याच्या घशात बसलेलंच होतं. तिला खोकला लागला. मॅडमनी गुणाजीच्या फोनमध्ये कसली तरी सोय करून दिली. म्हणाल्या, "नवीन निघालंय हे. फोन खोकला ऐकतो आणि छाती कशी आहे त्याचा अंदाज सांगतो. आज दिवसभर खोकल्याचा आवाज आला की फोन समोर धरा. मला इथं ऐकू येईल."

गुणाजी दारातच फोन घेऊन बसला. आत्या खोकली. त्याने फोन धरला. थोड्या वेळाने पुन्हा खोकली. पुन्हा धरला. मग गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. गुणाजी उठला आणि गोठ्यात गेला. रत्नीने कडबा खाल्ला होता, धुळीने तिचा घसा धरला होता. गुणाजीने फोन तिच्या तोंडासमोर धरला. आवाज आला की त्या तोंडासमोर फोन. दुपारभर रत्नी खोकत राहिली आणि गुणाजी इमानाने फोन धरून राहिला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला तो घाबऱ्या आवाजात. "गुणाजी, मी पंधरा वर्षं छात्या तपासतेय, असा खोकला ऐकला नाही. हा फोनसुद्धा म्हणतोय की काही खरं नाही. उद्या सकाळी आत्याबाईंना भरती करायचं. मी कॉट राखून ठेवते."

आत्याने ते ऐकलं.  मग उठली, पिशवीत एक लुगडं घातलं, तांब्या घातला, चादर घातली.  "रत्नीला पेंड घालत जा. दाराला कडी लावत जा. आणि कोणी थांब म्हटलं तर फार वेळ थांबू नकोस." एवढं बोलून तिने डोळ्यांना पदर लावला.

गुणाजीही हुंदके द्यायला लागला. "पण आत्या, तू तर दोनदाच खोकलीस गं."

"मग?"

"बाकीची रत्नी खोकली."

आत्याने पदर खाली घेतला. गुणाजीकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं. मग फोन स्वतःच्या हातात घेतला आणि मॅडमना सगळं सांगितलं. 

"म्हणजे मी म्हशीला भरती करत होते," मॅडम म्हणाल्या.

"तिला जिना चढवणार नाही मॅडम," गुणाजी बाजूने बोलला.

"गुणाजी, आता नीट ऐका. जो धडधाकट आहे त्याने घरी राहायचं. आजार असेल तोच दवाखान्यात आणायचा. भलत्याची भरती नको."

गुणाजीने पाचवी गाठ मारली. टॉवेल आता निम्मा उरला होता.

पण ती धडधड? ती होतीच की. मॅडमच्या फोनवर रोज दिसायची. एकदम ठोके पळायचे, एकदम शांत व्हायचे. मॅडमनी एक दिवस आत्यालाच फोन करून विचारलं, अमक्या वेळी काय करत होतात, तमक्या वेळी घरात कोण होतं. आत्याने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिलाच हसू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी गुणाजीला फोन केला. "आनंदाची बातमी आहे. आत्याबाईंचं हृदय ठणठणीत आहे. भरतीचं नावसुद्धा नको. तुम्ही म्हैस घेऊन रानात गेलात की ठोके शांत असतात, आणि तुम्ही दारात आलात की पळायला लागतात. खरं सांगू का गुणाजी, आत्याबाईंचा आजार म्हणजे तुम्हीच." आणि हसत हसत त्यांनी फोन ठेवला.

गुणाजी हसला नाही. तो ओट्यावर बसला आणि त्याने टॉवेलच्या गाठी चाचपल्या. आत्या धडधाकट आहे, म्हणजे आत्याने घरी राहायचं. आजार असेल तोच दवाखान्यात आणायचा. आणि आजार कोण, ते तर खुद्द मॅडमनी सांगितलं.  इतकी वर्षं आपण आत्याच्या घरात होतो, आणि तिला कुणी सांगितलं नाही.

त्याने रत्नीला पेंड घातली. रांजण भरला. आत्याची ती भरून ठेवलेली पिशवी उचलली आणि आत्याला न सांगता एसटी धरली. सांगितलं असतं तर तिला उगाच दगदग.

दवाखान्यात राखून ठेवलेली कॉट रिकामीच होती. गुणाजीने तिच्यावर चादर अंथरली आणि तो सरळ आडवा झाला. सिस्टर आली.

"पेशंट कुठाय?"

"पेशंट घरी आहे."

"मग तुम्ही कोण?"

"मी आजार."

सिस्टर मॅडमना बोलवायला गेली. मॅडम फोन हातात घेऊनच बसल्या होत्या, कारण फोनवर आत्याचे ठोके पळत होते. असे कधीच पळाले नव्हते. गिरणीतसुद्धा नाही.

तिकडे गावात आत्याने विहीर बघितली, गोठा बघितला, ओढा बघितला. पोरगा कुठंच नाही. शेवटी तुळशीराम म्हणाला, "पिशवी घेऊन तालुक्याच्या एसटीत बसला की. विचारलं तर म्हणाला, भरती व्हायला चाललोय." आत्याने पुढचं ऐकलंच नाही. दुधाची गाडी निघाली होती, तिला हात केला आणि कॅनच्या मध्ये जाऊन बसली. भरती या शब्दालाही भिणारी बाई, त्या दवाखान्याच्या पायऱ्या पळत चढली.

दारात मॅडम आडव्या आल्या. "आत्याबाई, बसा आधी. तुमचे ठोके बघा किती पळतायत."

"पळू देत. माझं पोरगं कुठाय? काय झालंय त्याला?"

मॅडमनी आत बोट दाखवलं. कॉटवर गुणाजी पडला होता, तोंड भिंतीकडे करून. आत्याचा आवाज ऐकल्याबरोबर तो दचकून उठून बसला आणि जितकं सरकता येईल तितका मागे सरकला.

"गुण्या, ऊठ मेल्या. घरी चल," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती हात पसरून पुढं झाली.

गुणाजीने घाईघाईने चादर नाकापर्यंत ओढून घेतली.

"आत्या, लांब थांब. तुला लागण होईल."