पाणंद सगळ्यांची, शेळी एकटीची

फार फार मागे, आपल्या पणजीच्याही पणजीच्या आधी, नदीकाठी एक गाव होतं. मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन वाचणाऱ्या बायांनो, ही त्या गावची गोष्ट.

गावातून नदीवर जायला एकच पाणंद होती. दोन्हीकडे शेतं, मधून वाट. ती वाट सगळ्यांची. एका सकाळी मोठ्या मळ्याच्या धन्याने तिच्यावर बाभळीचं कुंपण घातलं आणि वाट मळ्यात ओढून घेतली. आता पाण्याला जायचं तर डोहाकडून, आणि डोहात मगर.

गावात एक कुंभारीण राहायची. पदरात तान्ही लेक. अंगावरचं दूध पुरेना, म्हणून ती लेकीला कबऱ्या शेळीचं दूध पाजायची. लेक काखेत, घागर डोक्यावर, अशी ती डोहाकडून जायची. पाण्यात पान हललं तरी ती लेकीला घट्ट धरायची.

"राजाकडे जाऊ या गं," ती बायकांना म्हणाली.

"जाऊ की! तू हो पुढे."

त्या राज्यात रीत अशी, की वकिलाशिवाय दरबारात तोंड उघडायचं नाही, आणि वकिलाचा खर्च दाद मागणाऱ्याने करायचा. धन्याच्या पदरी वकील होताच. कुंभारणीकडे होती ती शेळी. तिने ती बाजारात विकली. घेणारा कुणाचा कोण, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

जाता जाता कबरी मागे वळून म्हणाली, "बाई, लेक आता काय पिणार गं?"

कुंभारणीने पैसे पदरात बांधले आणि ती वकिलाकडे गेली.

वकील भला होता, जीव तोडून बोलला. राजा म्हणाला, "वाट सगळ्यांची. कुंपण काढा."

गाव आनंदलं. बायकांनी कुंभारणीची ओटी भरली, गळ्यात हार घातला. हार घालून ती घरी आली, तर लेक दुधासाठी रडत होती.

"आजच्या दिवशी कसली रडतेस?" शेजारीण लेकीला म्हणाली आणि घागर घेऊन पाणंदीने नदीवर गेली.

कुंभारणीने पेज पाजली. लेक प्यायली आणि पुन्हा रडली.

काही महिन्यांनी धन्याने गायरानाला कुंपण घातलं. लोक नुसते बघत राहिले.

"जा की राजाकडे," एक म्हणाला.

"तूच जा. माझी एकच म्हैस आहे बाबा."

इकडे राजा खुशीत. "माझ्या राज्यात तक्रारच येत नाही!"

वर्ष फिरलं. राजा फिरत फिरत त्या गावी आला. पाहतो तर गुरं हाडकलेली, गायरानाला काटे. "दाद का मागितली नाहीत?" त्याने विचारलं.

तेव्हा एक म्हातारी पुढे झाली. "महाराज, तुमचा न्याय गोड आहे हो. पण तो मागायला जाणाऱ्याच्या घरचं दूध जातं." तिने कुंभारणीकडे बोट दाखवलं. दुधावाचून वाळलेली, चालायच्या वयाची लेक अजून काखेतच होती.

राजाने धन्याला बोलावलं. धनी म्हणाला, "ती जिंकली ना, महाराज? वाट सोडली मी. आता आणखी काय द्यायचं?"

राजा म्हणाला, "हरली असती तरी शेळी गेली असती, जिंकली तरी गेलीच. पाण्याला जातं सगळं गाव, आणि कुंपण घातलंस तू. मग वकिलाचा खर्च तिनेच का सोसायचा?"

तेवढ्यात जवळच्याच धन्याच्या गोठ्यातून "बें" असा आवाज आला.

"कबरे!" कुंभारीण ओरडली. बाजारात शेळी घेणारा धन्याचाच गडी होता.

राजाने कबरी करडांसकट परत देववली आणि रीत बदलली. सगळ्यांचं जे आहे ते कुणी बळकावलं आणि दरबारात हरला, तर दाद मागणाऱ्याच्या वकिलाचा रास्त खर्च त्यानेच द्यायचा. खोटी तक्रार आणणाऱ्याला मात्र काही मिळायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी गायरानासाठी चार घरं दरबारात निघाली. ती वेशीपर्यंत पोचायच्या आत धन्याने कुंपण उपटलं.

पुढच्या उन्हाळ्यात कुंभारीण घागर घेऊन पाणंदीने नदीवर निघाली. काख रिकामी होती. लेक तिच्या पुढे पळत होती, आणि लेकीच्या पुढे कबरी.

तात्पर्य: सगळ्यांच्या हक्कासाठी लढणाऱ्याचा खर्च हक्क मोडणाऱ्याने भरावा, नाहीतर उद्या लढायला कुणी उठत नाही.