केवळाबाईच्या घरी ससा यायचा होता

कुरणवाडी नावाच्या गावात निवृत्ती म्हणून एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गाव त्याला दुसरंच काहीतरी म्हणायचं. निवृत्तीला डोकं नव्हतं असं नाही. डोकं होतं, चांगलं मोठं होतं, आणि टोपी घालायला त्याचा फार उपयोग व्हायचा.

त्याची बायको केवळाबाई. दोन्ही लेकी सासरी गेल्या होत्या. घरात बोलायला आता निवृत्ती होता, म्हणजे कोणीच नव्हतं.

त्या वर्षी गावच्या जत्रेत रिंगा टाकायचा खेळ आला होता. रिंग बरोबर पडली की बक्षीस म्हणून पांढरा ससा मिळायचा. जत्रा उठली, खेळवाला गेला, आणि पाय दुखावलेला एक ससा उकिरड्याजवळ टाकून गेला. केवळाबाईनं त्याला पदरात घेतलं आणि तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाई टाकून दिलेली जनावरं सांभाळायच्या. त्यांनी सशाचा पाय बरा केला. केवळाबाई दर बाजाराला जायची आणि सशाला मेथी भरवून यायची. ससा तिच्या मांडीवरून उतरायचा नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "बाई, मला द्या ना हा."

"देईन की," बाई म्हणाल्या. "पण आधी घर तयार करा. मी येऊन बघणार. घर पसंत पडलं तर रविवारी ससा तुमचा. नाहीतर शेजारच्या गावचे एकजण कधीपासून मागे लागलेत."

ही बातमी गावात पोचली. लोक खो खो हसले. "मुलगी देताना घर बघतात हे ऐकलं होतं. सशालाही स्थळ बघतात होय? मग नवरा कोण, निवृत्ती?"

केवळाबाईनं लक्ष दिलं नाही. तिला तो ससा हवा होता. गाव हसलं तरी हवा होता, आणि गाव हसणं थांबलं असतं तरी हवाच होता.

बाईंनी सांगितलेलं पहिलं काम वायरींचं. ससा दिसेल ती वायर कुरतडतो. मळ्यात जाता जाता केवळाबाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, सशाच्या तोंडाला लागेल अशी एकही वायर घरात राहता कामा नये. तेवढं बघा."

"कळलं," निवृत्ती म्हणाला.

तो कळलं म्हणाला की केवळाबाईच्या पोटात गोळा यायचा. पण मळ्यातलं तण भांगलायला जायचं होतं. ती गेली.

निवृत्तीनं विळा घेतला. टीव्हीची वायर कापली. पंख्याची कापली. दिव्याची कापली. लाइट गेलेली होती म्हणून वाचला, अकलेनं नव्हे. मग त्याला वाटलं, ससा एखादे वेळी छपरावरही जाईल. छपरावरून देवळाच्या भोंग्याची वायर गेली होती. तीही कापली. थोड्या वेळानं लाइट आली, सरपंच देवळात भाषणाला उभे राहिले, आणि भोंगा काही बोलेना. गावानं निवृत्तीला मनातल्या मनात दुवा दिला. त्याच्या हातून त्या आठवड्यात घडलेलं चांगलं काम तेवढंच.

केवळाबाई अंधारात घरी आली आणि तिनं अंधारातच कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, कापायच्या होत्या का? भिंतीला खिळे ठोकायचे आणि उंच बांधून टाकायच्या. सशाचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच!"

"उंच बांधायचं," निवृत्ती म्हणाला. "कळलं."

दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन वायरी जोडून, उंच बांधून गेला. जाताना तो निवृत्तीकडे बघून इतका हसला की आपली पकड तिथेच विसरून गेला.

मग आलं गवताचं काम. सशाच्या पुढ्यात दिवसभर सुकं गवत लागतं, असं बाईंनी सांगितलं होतं. केवळाबाईनं गवताचा भारा अंगणात टाकला. "मी पीठ दळून आणते. तोवर एवढं गवत सशाच्या कोपऱ्यात लावून ठेवा."

निवृत्ती गवताकडे बघत राहिला. काल काय चुकलं होतं? बरोबर. कापायचं नाही, उंच बांधायचं. त्यानं शिडी लावली, पेंढ्या बांधल्या आणि एकेक करून थेट आढ्याला टांगल्या.

केवळाबाई पीठ घेऊन आली. कोपऱ्यात बघितलं, गवत नाही. मग तिच्या डोक्यावर एक काडी पडली. तिनं वर बघितलं.

"हे काय?"

"गवत."

"ते दिसतंय मला. तिथं सशाचं तोंड कसं पोचणार?"

"नाही पोचणार," निवृत्ती खूश होऊन म्हणाला. "मी बघितलंय नीट."

"मग तो खाणार कसा? शिडीनं चढून?"

निवृत्तीनं जरा विचार केला. "शिडी इथंच राहू दे म्हणतेस?"

केवळाबाईनं पिठाचा डबा खाली ठेवला. हातात राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. "अहो देवा, गवत खाली पसरायचं असतं. जमिनीवर. सगळीकडे, चांगलं जाड. त्याला लोळता आलं पाहिजे!"

"खाली, सगळीकडे, जाड," निवृत्ती म्हणाला. "कळलं."

गवत शेवटी तिनंच उतरवलं, तिनंच पसरलं. सकाळी उठून घर शेणानं सारवलं. अंगणही सारवलं. कोपऱ्यात सशाला लपायला एक खोकं उपडं घालून त्याला दार कापलं. घर असं दिसायला लागलं की जणू आता लेकच माहेरी यायची आहे. बाई दुपारनंतर येणार होत्या. राहिलं होतं ते फक्त पाणी.

"मी जरा अंघोळ करून घेते," ती म्हणाली. "आडाचं ताजं पाणी आणा आणि सशासाठी ठेवा."

निवृत्ती आडावर गेला. घागर भरून आणली. कालचं त्याला लख्ख आठवत होतं. खाली, सगळीकडे, जाड. त्यानं घागर जमिनीवर ओतली. पाणी पसरलं, पण थर काही जाड बसेना. ओतलं की पळायचं. त्यानं आणखी घागर आणली. मग आणखी. शेवटी त्यानं उंबऱ्याशी मातीचा बांध घातला, तेव्हा कुठं थर धरायला लागला.

केवळाबाई न्हाणीतून बाहेर आली. घरात भाताची लावणी करता आली असती.

"लोळता येईल आता त्याला," निवृत्ती म्हणाला.

केवळाबाई रडली नाही. तिला रडायला वेळ नव्हता. बाई यायच्या होत्या. तिनं बांध फोडला, पाणी लोटलं, चिखल खरवडला, भिजलेलं गवत उचललं, सुकं आणून घातलं, आणि हे सगळं करताना तोंडानं बोलत राहिली.

"पिण्याचं पाणी असं उघड्यावर ठेवतात का? ससा येईपर्यंत पाणी माठात ठेवायचं. वर झाकण घालायचं. झाकणावर दगड ठेवायचा. दारात ते गावचं कुत्रं हिंडतंय, दिसत नाही? आत ठेवलं, झाकलं, वर दगड ठेवला, की मग कोणी तोंड घालत नाही. कळलं का?"

"आत, झाकण, दगड," निवृत्ती म्हणाला. "कळलं."

फरशी नव्हे, साधी जमीनच ती. उन्हानं हळूहळू वाळली. केवळाबाईनं हातपाय धुतले, लुगडं बदललं आणि चहाचं आधण ठेवलं, तर दूध नासलेलं. ती तांब्या घेऊन शेजारी निघाली. जाताना उंबऱ्यात थांबली आणि हात जोडून म्हणाली, "अहो, तेवढ्यात बाई आल्या तर त्यांना नीट सांभाळा. दुसरं काही करू नका. फक्त सांभाळा."

ती गेली आणि डॉक्टरीणबाईंची स्कूटर दारात उभी राहिली. स्कूटरच्या आवाजानं गावचं कुत्रं भुंकत अंगणात आलं.

निवृत्ती चमकला. बाई उघड्यावर होत्या. कुत्रं हिंडत होतं.

"या, या, आत या," तो म्हणाला. "आणखी आत या."

बाई घरात आल्या. त्यांनी सशाचा कोपरा बघितला, खोकं बघितलं, उंच बांधलेल्या वायरी बघितल्या. त्यांचा चेहरा खुलला. "छान केलंय हो केवळाबाईंनी. आणि ही खोली कसली?"

"धान्याची," निवृत्ती म्हणाला. बाईंना मावतील एवढं भांडं घरात कुठं आहे, याचाच तो मघापासून विचार करत होता. "बघा ना आत जाऊन."

बाई आत गेल्या. निवृत्तीनं दार ओढून घेतलं. झाकण झालं. मग त्यानं जात्याचे दोन्ही दगड एकेक करून आणले आणि दाराला लावले. दगड झाला. कुत्र्यानं आत डोकावून बघितलं आणि काही उपयोग नाही असं दिसल्यावर ते निघून गेलं.

"अहो! दार उघडा!" बाई आतून ओरडल्या.

"घाबरू नका," निवृत्ती बाहेरून म्हणाला. "कोणी तोंड घालणार नाही."

केवळाबाई दूध घेऊन धावत आली. तिनं दारात स्कूटर बघितली होती.

"बाई आल्या?"

"आल्या."

"आहेत कुठं?"

"झाकून ठेवल्यात."

केवळाबाईच्या हातातला तांब्या पडला. तिनं जात्याचे दगड कसे सरकवले तिचं तिला माहीत. बाई बाहेर आल्या. त्यांच्या केसांत ज्वारीचा भुसा होता, नाकावर कोळ्याचं जाळं होतं. केवळाबाईला वाटलं, संपलं. ससा गेला शेजारच्या गावाला. तिनं तोंडाला पदर लावला. आता मात्र तिला रडायला वेळ होता.

बाईंनी आधी निवृत्तीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. डॉक्टर माणसं असं बघतात तेव्हा मनात औषधाचा विचार असतो. बाईंच्या मनातही आला असावा, पण यावर औषध नव्हतं.

मग त्या केवळाबाईला म्हणाल्या, "रडू नका. मी आत बसून विचार केला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. एवढं घर तुम्ही एकटीनं केलंत आणि तेही ह्यांना सांभाळून. तुम्हाला एक ससा काय जड आहे? आणि एक खात्री झाली, या घरात कुत्रं सशापर्यंत पोचत नाही. रविवारी येऊन घेऊन जा."

बाई चहा न घेता गेल्या. भरपाई म्हणून निवृत्ती त्यांच्या स्कूटरकडे बघून हात हलवत उभा राहिला.

"अहो, पाहुण्याला कोंडतात का कधी?" केवळाबाई म्हणाली. ससा मिळणार म्हणून तिचा आवाज आता मऊ झाला होता. हीच तिची चूक. "पाहुणा आला की गूळपाणी द्यावं. दोन गोड शब्द बोलावेत. आणि निघायला लागला की फाट्यापर्यंत सोबत जावं, एसटीत बसवून द्यावं, चांगली जागा धरून द्यावी. म्हणजे पाहुणा नाव काढतो."

"गूळपाणी, गोड शब्द, एसटी," निवृत्ती म्हणाला. "कळलं."

रविवारी केवळाबाई टोपलीतून ससा घेऊन आली. रस्त्यानं लोकांनी बघितला, आणि हसले नाहीत. इतका तो गोजिरवाणा होता. तिनं त्याला गवतावर सोडला. त्यानं नाक हलवलं, खोक्यात जाऊन आला, आणि येऊन तिच्या पायाला डोकं घासलं. केवळाबाईला इतकं बरं वाटलं की ती निवृत्तीशीही प्रेमानं बोलली.

"मळ्यातून कोवळी मेथी आणते याला. आपला पाहुणा आहे हो. नीट करा त्याचं."

"कळलं," निवृत्ती म्हणाला.

त्या दिवशी तिच्या पोटात गोळा आला नाही. आनंदात माणूस असाच गाफील राहतो.

मेथीची जुडी घेऊन ती परत आली. गवत होतं. खोकं होतं. पाणी होतं. निवृत्ती उंबऱ्यावर बसून घाम पुसत होता, आणि घाम पुसायला त्याच्याकडे रुमाल नव्हता, धोतराचा सोगा होता.

"ससा कुठाय?"

"गेला," निवृत्ती म्हणाला. "पण तू काळजी करू नको. सगळं नीट झालं. गूळपाणी दिलं. तिकडं पाऊसपाणी कसं आहे विचारलं. मग तो दाराकडं तोंड करून बसला. पाहुणा दाराकडं बघायला लागला की आपण समजून घ्यावं. टोपलीत घातला, फाट्यावर नेला आणि एसटीत बसवून दिला."

केवळाबाईनं खोकं उचलून खाली बघितलं.

"गर्दी म्हणजे काय गर्दी!" निवृत्ती सांगत होता. "मी बाहेरूनच रुमाल टाकला. खिडकीची जागा धरली. एक पागोटेवाला भांडायला लागला. म्हटलं, भांडू नका, माझा रुमाल आधी पडलाय. तो उभा राहिला आणि आपला पाहुणा बसून गेला."

"कुठली एसटी?" केवळाबाई ओरडली. "कुठं जाणारी? पाटी काय होती तिच्यावर?"

"पाटी मी कशाला बघू? मला कुठं जायचं होतं?"

केवळाबाई मेथीची जुडी तिथेच टाकून फाट्याकडे पळत सुटली. निवृत्तीनं ती जुडी उचलली, झटकली आणि तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून मोठ्यानं ओरडला,

"आणि मला विचारशील तर असल्या पाहुण्याला परत बोलवूच नको! गाडी हलली तरी मी हात करत होतो, पण जाताना साधं 'येतो' म्हणाला नाही!"